दोन बाणांचा डबा

कथीलताईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. आधी सोल्डरिंगला, म्हणजे वितळलेल्या कथलानं तारा जोडायला, आणि शेवटची बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर. कथलाच्या तारेचं रीळ मनगटात अडकवून जेवायलाही जायची त्यांना सवय होती, म्हणून कुणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ताईंनी ते घरी नेलं आणि चहा उकळेपर्यंत उघडून आतून बघितलं. घड्याळ उत्तम चालत होतं. त्यांना फक्त ते का चालतं ते बघायचं होतं.

वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ राहतात, बायकोसह. ताई त्यांना बंधुराज म्हणतात, लाडानं कमी आणि वैतागून जास्त. बंधुराज आठवडाभर पाणीखात्यात कारकून असतात आणि रविवारी दुपारी बारा ते तीन स्टेशनसमोरच्या हॉटेलात गिटारवादक. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये चौघांचा ऑर्केस्ट्रा वाजतो: कीबोर्डवर मास्तर, ड्रमवर मास्तरांचे मेहुणे, एक गायिका आणि बंधुराज. तेहेतीस वर्षं हा माणूस एकाच स्टुलावर, ड्रमच्या झांजांना डावा कान लावून बसत आला आहे. कारकुनी पोटासाठी आहे. तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं तर बंधुराज पाणीखात्याचा उच्चारही करत नाहीत.

बहीणभावाचं बरं चाललं होतं, एक गोष्ट सोडली तर. गेली पाच-सहा वर्षं बंधुराजांची एकच तक्रार होती.

"ताई, तू तोंडातल्या तोंडात का गं बोलतेस? नीट बोल ना जरा."

पहिल्यांदा ताईंनी दुर्लक्ष केलं. मग राग आला. मग त्या खरंच विचारात पडल्या. वय झालं की जीभ जड होते, असं कुठंतरी वाचलेलं होतं. सकाळचा पेपर त्या मोठ्यानं वाचू लागल्या, एकेक अक्षर सुटं करून. एवढ्यानं भागेना तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टरनं दोन्ही बाजूंनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की दात तुमच्या वयाच्या मानानं फारच छान आहेत. ताई खूश होऊन घरी आल्या आणि जिन्यात भेटलेल्या बंधुराजांना ही बातमी सांगितली. बंधुराज म्हणाले, "काय? पुटपुटू नकोस गं."

एका सोमवारी ऑफिस सुटल्यावर बंधुराज वरून गिटारची पेटी घेऊन ताईंच्या खोलीत आले आणि ती टेबलावर ठेवून नुसतेच बसले. ताईंनी चहा टाकला. चहा प्यायचं सोडून ते कपातल्या चमच्याशी खेळत राहिले, तेव्हा ताईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"मास्तर म्हणाले, तुझी गिटार कानाला टोचते."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. जेवणारी माणसं टेबल बदलून मागतात म्हणे. चार रविवार बघतो म्हणाले. नाही सुधारलं तर दुसरा माणूस बघणार. त्यांच्या ओळखीचा कुणी आहे, तरुण." तरुण हा शब्द त्यांनी अशा काही आवाजात उच्चारला की एखाद्या रोगाचं नाव असावं.

ताईंना भावाची काळजी वाटली, हे खरंच. पण त्याच क्षणी त्यांना दुसरंही काहीतरी वाटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना वाटलं: टोचते म्हणजे नेमकं काय होतं? आवाजाला टोक कुठून येतं? ते मोजता येईल का?

दोन दिवसांत त्यांनी गिटारच्या पोटातली वायर न् वायर तपासली, हॉटेलातून आणवलेला अ‍ॅम्प्लिफायर उघडला, झाडला, पुसला. कुठंही काही वावगं नव्हतं. फक्त अ‍ॅम्प्लिफायरचं वरच्या आवाजाचं बटण उजवीकडे पार टोकाला गेलेलं होतं. त्यांनी ते मध्यावर आणलं आणि बंधुराजांना वाजवायला सांगितलं.

"छे! पांघरुणात तोंड घालून गातंय कुणीतरी असं वाटतंय," असं म्हणून बंधुराजांनी ते पुन्हा टोकाला नेलं. ताईंनी ते तसंच राहू दिलं. गिटारमधलं त्यांना काय कळतं!

रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात एक म्हातारे दुकानदार आहेत. गिऱ्हाईक नसलं की जुने पार्ट चिमट्यानं रंगाप्रमाणे लावत बसतात. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला पॅरामेट्रिक इक्वलायझर लागणार, पेडलचा, पायानं चालू-बंद करायचा. विकत मिळतो, पण तुम्ही विकतचा घ्याल असं काही मला वाटत नाही." एका पिवळट कागदावर काढलेलं सर्किट त्यांनी खणातून शोधून दिलं.

ताईंनी ते सर्किट तीन सकाळी वाचलं. बंधुराजांना समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते आपल्याच पद्धतीनं सांगितलं.

"हे बघ, तुझ्या गिटारचा आवाज म्हणजे एका लांब बाकावर बसलेली माणसं समज. डावीकडे जाड्या आवाजाची, उजवीकडे बारीक आवाजाची. सगळी एकदम बोलतात. साध्या बटणानं काय होतं, की उजवीकडच्या सगळ्यांनाच गप्प करता येतं नाहीतर सगळ्यांनाच चढवता येतं. यात तीन बटणं आहेत. पहिल्या बटणानं बाकावरून चालत जायचं आणि एकासमोर उभं राहायचं. दुसऱ्यानं ठरवायचं, की फक्त त्याच्याशीच बोलायचं की आजूबाजूच्या दोघाचौघांशीही. आणि तिसऱ्यानं सांगायचं: मोठ्यानं बोल, किंवा गप."

"आणि टोचतोय कोण ते कसं कळणार?"

"तीच तर गंमत आहे. त्याला आधी मोठ्यानं बोलायला लावायचं. तिसरं बटण पूर्ण वर, आणि पहिल्या बटणानं बाकावरून सावकाश चालत जायचं. ज्याच्यासमोर असह्य होईल तो चोर. सापडला, की तिसरं बटण खाली."

चोर पकडायला आधी त्याला ओरडायला लावायचं, ही गोष्ट ताईंना इतकी आवडली की त्यांनी ती भावजयीला सांगितली, दुकानदारांना सांगितली आणि दूधवाल्यालाही सांगितली. दूधवाला हो हो म्हणाला.

मग ताईंनी कामाला हात घातला. खिडकीपाशी टेबल ओढलं, इस्त्री तापते तशी सोल्डरिंगची लेखणी तापू लागली आणि खोलीत तो ओळखीचा राळेचा वास पसरला. ताईंना एकदम बरं वाटलं. निवृत्तीनंतर आठ महिन्यांत आपल्याला काय होतंय ते त्यांना कळत नव्हतं. आता कळलं, की हा वास मिळत नव्हता.

पहिल्या फेरीत सर्किट नुसतं खरखरलं. ताईंनी दोन दिवस डोकं खाजवलं. कारखान्यातल्या पॅनलना अधिक आणि उणे असा दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा असायचा, आणि इथं होती नऊ व्होल्टची एकच बॅटरी. आवाजाला वरखाली हलायला मधली पायरी लागते, ती इथं नव्हतीच. दोन सारखे रेझिस्टर लावून त्यांनी साडेचार व्होल्टवर खोटी मधली पायरी तयार केली, आणि खरखर थांबली. इतक्या वर्षांचा अनुभव आणि ही चूक! त्या स्वतःशीच हसल्या आणि हे मात्र कुणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीत वेगळंच त्रांगडं झालं. दुसरं बटण पार अरुंद केलं, की सर्किट आपणहून शिट्टी वाजवू लागे. गिटार जोडलेली नसतानाही. पहिलं बटण फिरवलं की शिट्टी बारीक बारीक होत जाई. वरून भावजय ओरडली, "ताई, अहो काय चाललंय? कान फाटले माझे!" बंधुराज मात्र त्याच टेबलावर पेपर वाचत शांत बसले होते. संगीतातल्या माणसाचा संयम काही वेगळाच, असं ताईंना वाटलं आणि भावाबद्दल थोडा अभिमानही वाटला. त्यांनी बटणाच्या पायात एक जादा रेझिस्टर टाकला, म्हणजे ते शेवटपर्यंत अरुंद होऊच शकणार नाही. शिट्टी गेली.

आता सर्किटला डबा हवा. ताईंनी कारखान्यातल्या स्टोअरकीपरला फोन करून भंगारातला एक पत्र्याचा डबा मागवला, लिफ्टच्या बाहेर भिंतीत असतो तसा, वर जायचा हिरवा बाण आणि खाली जायचा लाल बाण असलेला. त्या बाणांच्या मागे त्यांनी दिवे बसवले. तिसरं बटण मध्याच्या उजवीकडे नेलं की हिरवा बाण पेटे, डावीकडे नेलं की लाल. पायानं दाबायचं बटणही लिफ्टचंच. भावजय म्हणाली, "यावर पाय ठेवला तर हे तिसऱ्या मजल्यावर जाईल." यावर तिघंही हसली, आणि बंधुराज त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच हसले.

आता राहिली तपासणी, आणि घोटाळा झाला तो इथंच.

कारखान्यात तपासणीची एक रीत होती. टेबलावरचे सगळे मीटर हो म्हणाले तरी पॅनल पास होत नसे. ज्या इमारतीत ते जायचं, तिथल्या लिफ्टवाल्याला बोलावत. तो त्याच्या बोटांनी प्रत्येक बटण दाबून बघे आणि तो बरं म्हणाला की मगच शिक्का बसे. जो वापरणार त्याच्या हातानं तपासायचं. ही रीत ताईंच्या अंगात इतकी भिनलेली होती की दुसरा विचारही त्यांच्या मनात आला नाही. त्यांनी डबा बंधुराजांसमोर ठेवला, तिसरं बटण पूर्ण वर नेलं, हिरवा बाण पेटला.

"वाजवत राहा आणि पहिलं बटण सावकाश फिरव. असह्य झालं की थांब."

बंधुराज वाजवत फिरवत गेले. बटण घड्याळातल्या दोनच्या जागी आलं तसे ताईंचे दात आंबले. तारेवर नखी लागल्याचा प्रत्येक आवाज सुईसारखा आत जात होता.

"हे! हेच की!"

"कुठं?" बंधुराज थांबले, पुन्हा वाजवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ताई, अगं, इथं तर आवाज उघडला! किती वर्षांनी असा ऐकू येतोय. हेच तर हरवलं होतं."

ताई म्हणाल्या, "मला टोचतंय पण."

"तुला सवय नाही," बंधुराज म्हणाले. तेहेतीस वर्षं वाजवणाऱ्या माणसापुढे तीन आठवड्यांचं ज्ञान पाजळायचं ताईंच्या जिवावर आलं. शिवाय वापरणारा बरं म्हणाला होता. त्यांनी तीनही बटणांच्या जागी पांढऱ्या रंगाची खूण केली आणि झाकणाचे चार स्क्रू घट्ट आवळले. तोवर चारातले तीन रविवार संपले होते.

चौथ्या रविवारी ताई स्वतः हॉटेलात जाऊन बसल्या, खांबाशेजारच्या टेबलावर. बंधुराजांनी पायानं बटण दाबलं, हिरवा बाण पेटला आणि पहिल्याच गाण्यात मास्तरांची मान मागे वळली.

ही मान वळणं म्हणजे काय ते बंधुराजांनी सांगितलेलं होतं. मास्तर वाजवताना बोलत नाहीत. काही खटकलं की नुसती मान वळवून बघतात. ताई मोजत गेल्या. पहिल्या तासात सहा वेळा, दुसऱ्यात नऊ. एका बाईंनी पोराच्या कानावर हात ठेवले. वाढपी ऑर्केस्ट्राच्या बाजूनं यायचं टाळू लागला. आणि या सगळ्यात बंधुराज डोळे मिटून, मान डोलावत, कधी नव्हे इतक्या आनंदात वाजवत होते. ताईंना तो आनंद बघवेना.

तीन वाजता मास्तर उठून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ताईंना नमस्कार केला, बंधुराजांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढचा रविवार वाजव. पण तो शेवटचा. मी त्या मुलाला सांगून टाकलंय." घरी आल्यावर जिन्यात बंधुराज म्हणाले, "इतकं छान वाजलं होतं गं आज."

त्या वाक्यानं ताईंची झोप उडाली नाही, कारण त्यांची झोप कशानंच उडत नाही. पण सकाळी उठल्या त्या तेच वाक्य घेऊन. टेबलावर पास झालेलं पॅनल इमारतीत जाऊन बिघडलं, तर कारखान्यात त्या काय करायच्या? पॅनल उघडायच्या आधी टेबलावरचा मीटर तपासायच्या. मीटरच चुकीचा दाखवत असेल तर पॅनलला दोष देऊन काय उपयोग!

इथं मीटर कोणता होता? ताईंनी हातातला कप खाली ठेवला.

मग एकामागून एक सगळं जुळत गेलं. टोकाला गेलेलं अ‍ॅम्प्लिफायरचं बटण. शिट्टी चालू असताना शांतपणे वाचलेला पेपर. वरच्या मजल्यावरचा फ्रीज, ज्याचं दार उघडं राहिलं की तो टिटिट करत बसतो आणि भावजय बाहेरून येऊन बंद करेपर्यंत करतच राहतो. आणि आपले दात! ताईंना आधी भयंकर राग आला, दातांच्या डॉक्टरकडे घालवलेल्या त्या सकाळबद्दल. मग राग गेला.

संध्याकाळी त्यांनी झाकणाचे चार स्क्रू काढले आणि तो जादा रेझिस्टर उपटून टाकला. डबा पुन्हा शिट्टी वाजवू लागला. छोट्या स्पीकरला जोडून त्यांनी बंधुराजांना खाली बोलावलं. पाठोपाठ भावजयही आली.

"खिडकीकडे तोंड करून बस. शिट्टी ऐकू येतेय तोवर बोट वर ठेव. थांबली की खाली."

"हा काय खेळ?"

"खेळच आहे. बस तू."

बंधुराज बसले. ताईंनी पहिलं बटण सावकाश फिरवायला घेतलं. शिट्टी जाडीची बारीक होत चालली. बोट वर होतं. अकरा, बारा, एक. बोट वर होतं. एकच्या थोडं पुढं बोट थरथरलं. दोनच्या अलीकडे ते शांतपणे खाली आलं आणि मांडीवर टेकलं.

शिट्टी चालूच होती. खोलीभर होती, काचेसारखी. ताईंचा हात बटणावरच होता.

"संपलं? एवढंच?" असं म्हणत बंधुराज वळले, आणि त्यांना बायको दिसली. ती दाराला टेकून, डोळे घट्ट मिटून, दोन्ही कानांवर तळहात दाबून उभी होती.

बंधुराजांनी तिच्याकडे बघितलं. मग स्पीकरकडे. मग ताईंच्या बटणावरच्या हाताकडे.

"चालू आहे?" त्यांनी विचारलं.

ताईंनी मानेनंच हो म्हटलं. बंधुराज उठले, चप्पल न घालताच जिना चढून वर गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. भावजयीच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईंच्याही होतं. शिट्टी बंद करायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मंगळवारी बंधुराज खाली आले नाहीत. बुधवारीही नाहीत. गिटार ताईंच्या टेबलाशेजारीच भिंतीला टेकून होती. ताई दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. काय सांगणार? आपण शोधायला निघालो होतो गिटारमधला चोर, आणि हाती लागला भाऊ. न शोधता गप्प राहिलो असतो तर निदान शेवटचा रविवार तरी त्याचा सुखात गेला असता, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर दारात पावलं वाजली. बंधुराजांच्या हातात चौकटींचा कागद होता, आलेखाचा, पाणीखात्याचा शिक्का असलेला.

"कुठून कुठपर्यंत गेलंय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"माझं ऐकणं गं. शिट्टी कुठं जाते आणि पुन्हा कुठं येते का, हे बघायला नको? आणि दोन्ही कानांचं वेगळं बघ. मी काल ऑफिसात एकेक कान बंद करून फायलींची पानं चाळली. डावा जास्त गेलाय." ते क्षणभर थांबले. "झांजा डावीकडे असतात."

ताईंना हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. अखेर एकाच आईची लेकरं ती!

दोन तास दोघं खिडकीपाशी बसली होती. एक कान कापसानं बंद, मग दुसरा. बोट वर, बोट खाली. आवाज थोडा वाढवून पुन्हा तेच. भावजयीनं कानात बोळे घालून टिंबं जोडायचं काम घेतलं. रेघ सरळ आली, आली, आणि दोनच्या आसपास खाली कोसळली. डाव्या कानाची खूप, उजव्याची थोडी. पुढं जाऊन दोन्ही रेघा जराशा वर आल्या. कागदावर एक खड्डा तयार झाला होता. बंधुराज त्यावरून बोट फिरवत राहिले.

"आणि मी गिटारला चढवत होतो," ते म्हणाले. "माझा खड्डा भरायला सगळ्या हॉलवर माती टाकत होतो."

"मग हॉलवर कशाला टाकायची? तुझ्याच कानात टाकू की," ताई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःच ते पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघितलं.

शुक्रवार आणि शनिवार ताई टेबलावरून हलल्या नाहीत. डब्यात गिटारच्या आवाजाची वाट त्यांनी शिरताच दोन केली. एक वाट जशीच्या तशी, इक्वलायझरला न शिवता, हॉलच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे. दुसरी तीन बटणांमधून, खड्ड्याइतकीच उंच चढून, एका बारीक तारेनं बंधुराजांच्या उजव्या कानातल्या छोट्या हेडफोनकडे. आवाज फार चढून उरलेलं ऐकणंही जाऊ नये म्हणून वाटेवर दोन डायोड बसवले, ठरावीक उंचीच्या वर काही जाऊच देणार नाहीत असे. तो जादा रेझिस्टर पुन्हा जागेवर टाकला. डाव्या कानासाठी झांजांचा मारा अडवणारं मऊ बूच आणलं. कानाच्या डॉक्टरची वेळ भावजयीनं परस्पर घेऊन टाकली होती, पुढच्या बुधवारची. बंधुराजांनी कुरकुर केली नाही, हेच खूप झालं.

रविवारी हॉलमध्ये ताई पुन्हा खांबाशेजारी बसल्या. अ‍ॅम्प्लिफायरचं वरच्या आवाजाचं बटण त्यांनी स्वतः जाऊन मध्यावर आणलं. मास्तरांनी ते बघितलं. बंधुराजांनी पायानं डबा दाबला. हिरवा बाण फक्त त्यांच्या बाजूला दिसत होता.

पहिलं गाणं झालं. मान वळली नाही. दुसरं, तिसरं. ताईंनी समोरचं जेवण थंड होऊ दिलं. गिटार मऊ वाजत होती, गायिकेच्या आवाजाखाली नीट बसलेली. वाढपी अगदी बंधुराजांच्या कोपराजवळून ताटं घेऊन गेला. एक तास, दीड तास, दोन. मान एकदाही वळली नाही.

पावणेतीनला शेवटचं गाणं सुरू झालं आणि मधल्याच कडव्यानंतर मास्तरांनी मान वळवली.

काय झालं? बॅटरी उतरली? डायोड उलटा बसला? मास्तर बंधुराजांकडे बघतच होते. मग त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि हनुवटी जराशी वर केली: वाजव, आता तू एकटा.

हे दोन वर्षांत झालं नव्हतं. बंधुराजांनी वाजवलं. ताईंना गिटारमधलं फारसं कळत नाही, हे त्या आजही सांगतात. पण पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं घास हातात धरून ठेवला होता, एवढं त्यांनी बघितलं.

तीननंतर मास्तर वायरी गुंडाळता गुंडाळता बंधुराजांना म्हणाले, "पुढच्या रविवारी अर्धा तास लवकर ये. दोन नवी गाणी बसवायची आहेत." त्या मुलाचं काय, ते बंधुराजांनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. कुठला तरी एक तरुण मुलगा आज घरी बसून वाट बघत असेल, हे मात्र ताईंच्या मनातून गेलं नाही.

बाहेर रस्त्यावर बंधुराजांनी कानातून हेडफोन काढला, तार गुंडाळून खिशात ठेवली. गिटार त्यांच्या पाठीवर, डबा ताईंच्या पिशवीत. बसथांब्याशी एक ट्रक घरघरत उभा होता. ताई भावाला काहीतरी म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. काय म्हणाल्या ते फार महत्त्वाचं नव्हतं. घरी जाताना नऊ व्होल्टची बॅटरी घ्यायला हवी, एवढंच.

बंधुराजांच्या कपाळावर ती ओळखीची आठी उमटली. ताईंनी सवयीनं मन घट्ट केलं.

बंधुराज थांबले. पाठीवरची गिटार सावरत त्यांनी उजवा कान बहिणीकडे वळवला.

"ताई, परत सांग," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

ट्रक निघून गेला. सहा वर्षं त्या या वाक्यासाठी पेपर मोठ्यानं वाचत होत्या. मग त्यांनी भावाचा दंड धरला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी सावकाश, आपल्या त्या छान दातांनी, एकेक अक्षर सुटं करून बॅटरीचं सांगितलं.